आतड्याची ओळख सांगणारा तपकिरी ठिपका

पोटातील किंवा यकृतातील गाठीचा तुकडा तपासणीसाठी गेला, की काही दिवसांनी हाती पडणाऱ्या अहवालात अनेकदा एक ओळ आढळते : 'सीडीएक्स-२ पॉझिटिव्ह' किंवा 'सीडीएक्स-२ निगेटिव्ह'. रुग्णाचे नातेवाईक ती वाचतात आणि सवयीने तिचा अर्थ लावतात. पॉझिटिव्ह म्हणजे आजार आहे, निगेटिव्ह म्हणजे सुटलो. प्रत्यक्षात या ओळीचा तसा अर्थ मुळीच नाही. गाठ कर्करोगाची आहे की नाही, हे ती सांगत नाही. गाठीतील पेशी स्वतःला 'आतड्याच्या' समजतात काय, एवढेच ती सांगते. आणि हे उत्तर देणारा साक्षीदार असतो एक प्रतिपिंड. छोट्या कुपीतून प्रयोगशाळेत येणारा, थेंबाथेंबाने वापरला जाणारा हा प्रतिपिंड मुळात संशोधकांचे साधन होता. गर्भात आतडे कसे घडते, हे शोधण्यासाठी तो हाताशी धरला गेला आणि पुढे रुग्णालयात पोहोचला. तो खरे बोलतो काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ शास्त्रज्ञांपुरता राहिलेला नाही.

माशीच्या शेपटापासून

सीडीएक्स-२ हे एका जनुकाचे आणि त्यापासून तयार होणाऱ्या प्रथिनाचे नाव. मानवात हे जनुक तेराव्या गुणसूत्रावर असते. प्रथिन लहानसे, ३१३ अमिनो आम्लांचे. पेशीच्या केंद्रकात राहून डीएनएच्या ठराविक जागांना चिकटणे आणि तेथील जनुके चालू किंवा बंद करणे, हे त्याचे काम. अशा प्रथिनांना शास्त्रज्ञ ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. शरीरातील प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो. मेंदूची पेशी मेंदूची का आणि आतड्याची पेशी आतड्याची का, याचे उत्तर कोणते मुकादम कामावर हजर आहेत यावर ठरते. आतड्याच्या अस्तराचा मुकादम म्हणजे सीडीएक्स-२, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

त्याचा मूळ पत्ता मात्र फळांवर घोंघावणाऱ्या माशीत सापडतो. १९८० च्या दशकात स्वित्झर्लंडमधील बाझल येथे वॉल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेत या माशीची शरीररचना ठरविणारी जनुके एकामागून एक हाती लागत होती. त्यांतील एकाला 'कॉडल' असे नाव मिळाले. लॅटिन भाषेत कॉडा म्हणजे शेपूट. माशीच्या अंड्यात या जनुकाचे प्रथिन मागच्या टोकाकडे जास्त आणि डोक्याकडे कमी असते, आणि त्यावरून गर्भाला आपली मागची बाजू कळते. उंदरात आणि माणसात याच घराण्यातील तीन जनुके आढळतात : सीडीएक्स-१, सीडीएक्स-२ आणि सीडीएक्स-४. नावातील 'सीडी' ही दोन अक्षरे त्या कॉडलचीच खूण. ही भावंडे एकमेकांसारखी दिसतात, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे प्रतिपिंडाच्या संदर्भात ती अडचणीची ठरणार आहे.

आतड्याशी संबंध स्पष्ट झाला तो १९९४ मध्ये. साखर पचविणारे सुक्रेझ-आयसोमाल्टेझ हे विकर लहान आतड्याच्या पेशींतच का तयार होते, याचा शोध अमेरिकेत पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील संशोधक घेत होते. त्या विकराच्या जनुकाला चिकटणारे प्रथिन सीडीएक्स-२ असल्याचे त्यांना दिसले. म्हणजे जेवणानंतरचा जिलेबीचा तुकडा पचतो, त्यामागेही हाच मुकादम उभा असतो.

आतड्यात उगवले जठर

या प्रथिनाचे खरे वजन कळले ते उंदरांवरील प्रयोगांतून. १९९७ मध्ये 'नेचर' नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. दोन्ही प्रती निकामी केलेले गर्भ गर्भाशयाच्या भिंतीत रुजण्याच्या सुमारासच नष्ट झाले. कारण वार ज्यांपासून तयार होते त्या गर्भाच्या बाह्य पेशींनाही सीडीएक्स-२ लागते. एकच प्रत निकामी केलेले उंदीर जगले; पण त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठी उगवल्या. सुरुवातीला त्यांच्याकडे अर्बुदे म्हणून पाहिले गेले. बारकाईने पाहिल्यावर निराळाच प्रकार पुढे आला. त्या गाठींमध्ये जठराचे आणि त्याहूनही वरच्या भागातील अस्तर होते. आतड्याच्या मध्यावर जठराचे बेट तयार झाले होते. भोवतालच्या निरोगी पेशींत सीडीएक्स-२ दिसत होते, बेटाच्या पेशींत नव्हते.

हे 'दिसत होते' आणि 'नव्हते' प्रतिपिंडाने दाखविले. प्रथिन डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत नाही. त्याला शोधून चिकटणारा आणि सोबत रंग वाहून नेणारा कोणीतरी लागतो.

पुढच्या काही वर्षांत उलट बाजूही तपासली गेली. २००२ मध्ये अमेरिका आणि जपान येथील दोन गटांनी उंदराच्या जठरात सीडीएक्स-२ बळेच सुरू करून पाहिले, तेव्हा जठराचे अस्तर आतड्यासारखे झाले. २००९ मध्ये पेनसिल्व्हानियातील क्लाउस केस्टनर यांच्या गटाने गर्भावस्थेत केवळ पचननलिकेच्या पेशींतून हे जनुक काढले, तर आतड्याच्या जागी अन्ननलिकेसारखे अस्तर तयार झाले. २०१४ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी प्रौढ उंदराच्या आतड्यातील मूळपेशींतून ते काढले, तेव्हा बशीत वाढविलेल्या त्या पेशी जठराच्या पेशींसारख्या वागू लागल्या. आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नव्याने तयार होत असते. प्रत्येक नव्या पेशीला तिची ओळख पुन्हा सांगावी लागते, आणि हे काम जन्मभर चालते.

माणसाच्या बाबतीत हे केवळ प्रयोगशाळेतील कुतूहल नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे वर्षानुवर्षे सुजलेल्या जठरात कधीकधी आतड्यासारखे पट्टे तयार होतात. आम्लपित्त वारंवार वर येऊन अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी होणाऱ्या बॅरेट विकारातही तसेच घडते. दोन्ही ठिकाणी, जेथे असू नये तेथे, सीडीएक्स-२ हजर असते. हे बदल पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतात, म्हणून डॉक्टर त्यांच्यावर नजर ठेवतात.

कुपीत काय असते?

शरीरात परके प्रथिन शिरले, की रोगप्रतिकार यंत्रणा त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. हीच शक्ती संशोधक उसनी घेतात. मानवी सीडीएक्स-२ किंवा त्याचा एखादा तुकडा जिवाणूंमध्ये तयार करून तो ससा किंवा उंदीर यांना टोचला जातो. काही आठवड्यांनी त्या प्राण्याच्या रक्तात त्या प्रथिनाला ओळखणारी प्रतिपिंडे सापडतात. रक्तातून थेट वेगळी केलेली ही प्रतिपिंडे म्हणजे अनेक प्रकारांचे मिश्रण असते. कोणी प्रथिनाचे एक टोक पकडते, कोणी दुसरे. प्राणी मेला की ते मिश्रण संपले. दुसऱ्या सशाचे मिश्रण अगदी तसेच असेल, याची शाश्वती नाही.

या अडचणीवर १९७५ मध्ये केंब्रिज येथे जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी उपाय शोधला. प्रतिपिंड बनविणारी प्लीहेतील एक पेशी आणि न थांबता वाढणारी कर्करोगाची पेशी यांचा संयोग घडवून त्यांनी अशी संकरित पेशी तयार केली, की जी वर्षानुवर्षे एकाच प्रकारचे प्रतिपिंड तयार करीत राहते. या कामाबद्दल त्यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक नील्स येर्ने यांच्यासमवेत मिळाले. अशा एका पेशीपासून वाढलेल्या वंशाला क्लोन म्हणतात. सीडीएक्स-२ साठी प्रयोगशाळांत नाव घेतले जाणारे दोन क्लोन म्हणजे उंदरापासूनचा 'सीडीएक्स२-८८' आणि सशापासूनचा 'ईपीआर२७६४वाय'. नावे रुक्ष आहेत, पण अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरांच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहेत. का, ते पुढे येईल.

काचपट्टीवर तो रंग उमटतो कसा, हेही पाहण्यासारखे आहे. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवून घट्ट केला जातो, मग मेणाच्या ठोकळ्यात बसविला जातो. या ठोकळ्याला सर्व रुग्णालयांत ब्लॉक असेच म्हणतात. त्यावरून केसाहूनही कितीतरी पातळ, तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप घेऊन काचपट्टीवर चिकटवितात. फॉर्मॅलिनमुळे प्रथिने एकमेकांत गुंतून बसलेली असतात आणि प्रतिपिंडाला आपली जागा सापडत नाही. म्हणून काप विशिष्ट द्रावणात तापविला जातो. उष्णतेची ही युक्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जुने, वर्षानुवर्षे कपाटात पडलेले ब्लॉकही पुन्हा बोलते झाले. नंतर काचेवर सीडीएक्स-२ चा प्रतिपिंड सोडतात. न चिकटलेला धुऊन काढतात. मग या प्रतिपिंडाला पकडणारा दुसरा प्रतिपिंड येतो, त्याच्यासोबत एक विकर असते आणि ते रंगहीन द्रावणाचे तपकिरी कणांत रूपांतर करते. शेवटी सर्व केंद्रके फिकट निळी करतात. निळ्या पार्श्वभूमीवर तपकिरी झालेले केंद्रक म्हणजे सीडीएक्स-२ असलेली पेशी. रंग केंद्रकातच हवा. केंद्रकाबाहेर पसरलेला तपकिरी डाग कितीही गडद असला, तरी तो साक्ष म्हणून ग्राह्य धरला जात नाही.

तोच प्रतिपिंड संशोधनात आणखी कामे करतो. पेशींचा अर्क करून प्रथिने आकारानुसार पट्टीवर पसरली, की सीडीएक्स-२ कोठे आहे ते तो दाखवितो. डीएनएला चिकटलेले सीडीएक्स-२ त्याच्या साह्याने बाहेर ओढून, मुकादम नेमका कोणकोणत्या जनुकांपाशी उभा होता, याची यादीही काढता येते. २०११ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे मानवी मूळपेशींपासून बशीत आतड्याचा सूक्ष्म तुकडा वाढविण्यात आला, तेव्हा पेशी आतड्याच्या वाटेला लागल्या याची खूण म्हणूनही सीडीएक्स-२ चाच रंग पाहिला गेला होता.

कुपी खोटे बोलली तर?

येथपर्यंत सारे सुरळीत वाटते. अडचण अशी, की प्रतिपिंड चुकीचा निघाला, तरी काचपट्टी कोरी राहीलच असे नाही. रंग उमटतो, छायाचित्र सुंदर येते, शोधनिबंध छापला जातो. फक्त जे प्रथिन दिसले असे वाटते, ते भलतेच असते. सीडीएक्स-२ चा डीएनएला चिकटणारा भाग आणि सीडीएक्स-१ चा तोच भाग फार सारखा आहे. प्रतिपिंड त्या भागाविरुद्ध तयार झाला असेल, तर तो दोन भावंडांत भेद करील याचा भरवसा नाही. आणि सीडीएक्स-१ हेही आतड्यातच असते, त्यामुळे चूक सहज लक्षातही येत नाही.

हा रोग एकट्या सीडीएक्स-२ चा नाही. २०१५ मध्ये अँड्र्यू ब्रॅडबरी आणि अँड्रियास प्लुक्थुन यांनी शंभराहून अधिक सहकाऱ्यांच्या पाठिंब्याने 'नेचर' मध्ये लेख लिहून, संशोधनात वापरल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांची प्रमाणित ओळख असावी, अशी मागणी केली. २०२३ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथून चालणाऱ्या एका प्रकल्पाने मज्जासंस्थेशी निगडित ६५ प्रथिनांसाठी बाजारात मिळणारी ६१४ प्रतिपिंडे तपासली. कसोटी साधी पण कठोर होती. ज्या पेशींतून ते जनुकच काढून टाकले आहे, त्या पेशींतही प्रतिपिंडाला 'काहीतरी' सापडत असेल, तर तो खोटा. प्रत्येक प्रथिनामागे सरासरी बारा शोधनिबंध असे निघाले, की ज्यांत आपले प्रथिन ओळखूच न शकणारा प्रतिपिंड वापरलेला होता. यात कोणी लबाडी केली असे नाही. विकत घेतलेल्या कुपीवर लिहिलेले नाव खरे मानले, एवढाच दोष.

सीडीएक्स-२ च्या बाबतीत तपासणीची सोय तुलनेने चांगली आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगापासून मिळालेल्या आणि जगभर वाढविल्या जाणाऱ्या कॅको-२ पेशींत ते भरपूर असते. निरोगी आतड्यातही ते सर्वत्र सारखे नसते. लहान आतड्याच्या आरंभी कमी, अंधांत्राच्या आसपास सर्वाधिक आणि गुदाशयाकडे पुन्हा उतरते. टॉन्सिलमध्ये नसते. स्वादुपिंडाच्या नलिकांतील पेशींत थोडेसे असते, आणि ही थोडकी मात्राच फार उपयोगाची आहे. आंत्रपुच्छाच्या पेशींवर कोणताही बरा प्रतिपिंड गडद रंग देईल. स्वादुपिंडाच्या नलिकांवर फिकटसा रंग दाखविणारा प्रतिपिंड मात्र खरोखर तीक्ष्ण म्हणायचा. डेन्मार्कमधील आल्बॉर्ग येथील गुणवत्ता तपासणी केंद्राशी संबंधित तज्ज्ञांनी २०१३ मध्ये निरनिराळे क्लोन ताडून पाहिले, तेव्हा निकाल वापरलेल्या प्रतिपिंडावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असल्याचे त्यांना आढळले. तुलनेत सशापासूनचा ईपीआर२७६४वाय सरस ठरला. तीच गाठ, तोच ब्लॉक. एका क्लोनने पाहिले तर पॉझिटिव्ह, दुसऱ्याने पाहिले तर निगेटिव्ह, असे होऊ शकते.

कोऱ्या काचपट्टीचा अर्थ

रुग्णालयात या प्रतिपिंडाचा पहिला उपयोग शोधाशोधीचा. यकृतात गाठ सापडली, ती मूळची तेथील नाही हे कळले, पण आली कोठून? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तपासणीत ४७६ कर्करोगांवर सीडीएक्स-२ चा प्रयोग झाला आणि मोठ्या आतड्यातून निघालेल्या जवळजवळ सर्व गाठींनी तो रंग घेतला. त्याच तपासणीत एक सावधगिरीही नोंदविली गेली. अंडाशयाच्या काही श्लेष्मल गाठी आणि मूत्राशयाच्या काही ग्रंथिजन्य गाठीही हा रंग घेतात. जठर आणि स्वादुपिंड यांच्या काही गाठींचेही तसेच. म्हणून पॅथॉलॉजिस्ट केवळ या एका रंगावर निर्णय देत नाहीत. सायटोकेरॅटिन-७, सायटोकेरॅटिन-२० यांसारख्या अन्य खुणा आणि रुग्णाचा इतिहास जोडीला घेतात.

दुसरा उपयोग अधिक नाजूक आहे, कारण त्यात रंग न उमटण्याला महत्त्व येते. २०१६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मध्ये पिएरो दालेर्बा आणि सहकाऱ्यांचे संशोधन आले. मोठ्या आतड्याच्या २,११५ गाठींच्या जनुकीय नोंदी त्यांनी चाळल्या. ८७ गाठींत, म्हणजे सुमारे ४.१ टक्के, सीडीएक्स-२ नव्हते. या शोधात हाती आलेली उमेदवार जनुके १६ होती. त्यांतून सीडीएक्स-२ निवडले गेले, ते रुग्णालयात वापरण्याजोगा चाचणी-प्रतिपिंड त्याच्यासाठीच उपलब्ध होता म्हणून. प्रतिपिंड आहे म्हणून प्रश्न विचारता येतो, याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

निष्कर्ष गंभीर होते. पडताळणीच्या गटात सीडीएक्स-२ असलेल्यांपैकी ७१ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर रोगमुक्त होते. नसलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. दुसऱ्या टप्प्यातील कर्करोगात एरवी शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी सरसकट दिली जात नाही. परंतु या टप्प्यातील सीडीएक्स-२ नसलेल्या रुग्णांत केमोथेरपी घेतलेल्यांपैकी ९१ टक्के पाच वर्षे रोगमुक्त राहिले, न घेतलेल्यांपैकी ५६ टक्के. यातील रुग्णसंख्या अगदी थोडी होती, अनुक्रमे २३ आणि २५. शिवाय हा जुन्या नोंदींचा अभ्यास होता, चिठ्ठ्या टाकून उपचार वाटलेली चाचणी नव्हे. तेव्हा या आकड्यांना नियम मानता येणार नाही. तरी त्यांनी डॉक्टरांपुढे प्रश्न ठेवला, तो टाळता येत नाही.

मात्र कोरी काचपट्टी अनेक कारणांनी कोरी राहू शकते. गाठीत सीडीएक्स-२ खरोखर नसेल. किंवा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये उशिरा पडला असेल, अथवा वाजवीपेक्षा जास्त दिवस पडून राहिला असेल. काप पुरेसा तापविला गेला नसेल. प्रतिपिंड प्रमाणाबाहेर पातळ केला असेल, वाहतुकीत त्याची शीतसाखळी तुटली असेल, किंवा मुळातच क्लोन मंद असेल. पहिल्या कारणाने कोऱ्या राहिलेल्या काचपट्टीवरून केमोथेरपीचा विचार होऊ शकतो. उरलेल्या कारणांनी कोऱ्या राहिलेल्या काचपट्टीवरून तो होता कामा नये. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात.

त्यांतील भेद ओळखण्याची एक साधी वाट त्याच काचेवर असते. आतड्याच्या गाठीच्या कापात कडेला बहुधा थोडे निरोगी अस्तर आलेले असते. त्या निरोगी पेशींची केंद्रके तपकिरी झाली असतील आणि गाठीची निळीच राहिली असतील, तर प्रतिपिंडाने आपले काम केले आहे आणि गाठीतील अभाव खरा आहे. निरोगी पेशीही निळ्याच असतील, तर ती चाचणी झालीच नाही असे समजून पुन्हा करावी लागते. सुईने घेतलेल्या बारीक तुकड्यात असे अस्तर नसते. तेथे शेजारी ठेवलेल्या ज्ञात नमुन्यावर विसंबावे लागते. चांगल्या अहवालात या अंतर्गत पडताळणीचा आणि वापरलेल्या क्लोनचा उल्लेख असतो. सगळ्याच अहवालांत तो नसतो, ही खेदाची गोष्ट आहे.

चाचणी पुन्हा करण्यासाठी रुग्णाला बहुतेक वेळा नव्याने सुई टोचून घ्यावी लागत नाही. मेणाचा ब्लॉक प्रयोगशाळेत जपून ठेवलेला असतो आणि त्यात पुरेसा भाग शिल्लक असेल, तर त्यावरून नवा काप घेऊन दुसऱ्या क्लोनने तपासणी करता येते. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात बाहेरगावाहून येणारे अनेक रुग्ण आपले ब्लॉक आणि काचपट्ट्या फेरतपासणीसाठी सोबत घेऊन येतात. ब्लॉक मागताना मूळ अहवालाची प्रत आणि त्यावरील नमुना क्रमांक जवळ ठेवावा, म्हणजे तोच तुकडा हाती येतो. आणि ब्लॉक उन्हात वा तापलेल्या गाडीत ठेवू नये, मेण वितळते.